कॅप्टनचा सदरा

"केझाया, हा एवढा एक सदरा. आत्ताच्या आत्ता." बाईसाहेबांनी शालीखालचं बोचकं टबाच्या काठावर ठेवलं.

केझाया बंटने मान वर केली नाही. सकाळपासून चादरी पिळून तिचे खांदे भरून आले होते. नाचाचा समारंभ रद्द झाला, एल्डरकोटच्या हवेलीतून पाहुणे पळाले, चादरी तेवढ्या मागे ठेवून गेले. "मेलेल्याला विश्रांती, आपल्याला कसली?" असं स्वयंपाकीण मघाशीच पुटपुटून गेली होती.

मेला होता मिस्टर फेन, बाईसाहेबांच्या भावाचा, कॅप्टन ज्यूलियनचा दोस्त. रानात त्याचं प्रेत पहिल्यांदा दिसलं रानराख्या सायलसला, म्हणून त्यालाच खुनी ठरवून तळघरात कोंडलं होतं. सायलस केझायाच्या बहिणीचा मुलगा. बहीण गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं.

तिने बोचकं उलगडलं. कॅप्टनचा सदरा होता, छातीपासून बाहीपर्यंत रक्ताने माखलेला.

"कॅप्टनसाहेबांना लागलंय कुठे?"

"नाही." बाईसाहेबांचा चेहरा उतरला. "एकुलता एक भाऊ आहे गं माझा. पोटात दारू गेली की त्याला भान राहत नाही."

"आणि माझ्या पोराला फाशी देतील, त्याचं काय?"

"साहेब सोडवतील त्याला."

"साहेबांना तर घरचं प्रकरण म्हणून खुनाच्या चौकशीतून बाजूला बसवलंय. चौकशीला आलेला कोरोनर त्यांचं ऐकतोय होय!"

बाईसाहेब, गरीब पाद्र्याची ही मुलगी, साहेबांनी अख्ख्या खानदानाशी भांडून आणली, त्याला सात वर्षं झाली. त्या प्रेमाची गोष्ट गावाने चघळली, आणि सगळ्यात जास्त मिरवली ती केझायाने. बाईसाहेबांवर तिचा खरोखर जीव होता. आज त्याचाच तिला वीट आला.

"मी हा हिसकावून कोरोनरकडे नेला, तर म्हणतील हिनेच कोंबडीचं रक्त फासलं," ती म्हणाली. "माझं कोण ऐकतंय? पण माझ्या हातून हा धुतला जाणार नाही. माहेरी तुम्हीच धुणं धुवायचात ना? मग तुम्हीच धुवा. पाणी देते आणून."

तिने विहिरीचं गार पाणी आणून टबात ओतलं, आणि बाहेर जाऊन भिंतीला टेकली. आतून पाण्याचा आवाज येईल या धास्तीने तिने डोळे गच्च मिटून घेतले. देवाचं नावसुद्धा तिला सुचेना.

बऱ्याच वेळाने दार वाजलं. बाईसाहेब बाहेर आल्या. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, हात कोरडे, छातीशी सदरा. तोही कोरडाच. केझायाकडे न बघता त्या अंगण ओलांडून कोरोनर बसला होता त्या खोलीकडे गेल्या.

केझाया आत आली. टबातलं पाणी नितळ होतं. काठावर बाईसाहेबांची लग्नाची अंगठी होती. धुण्याआधी काढून ठेवायची माहेरची सवय. केझायाने ती ॲप्रनला पुसली आणि मुठीत धरून तशीच उभी राहिली. ही परत द्यायला आता कोणत्या तोंडाने जायचं, ते तिला कळेना.