अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाचा निरोप

गाढवपणा माझा. वस्तीतले लोक मात्र अजून कोच रुडिगरला शिव्या घालतात. मी त्या ऐकून गप्प बसतो, हा दुसरा गाढवपणा.

फुटबॉलच्या प्रादेशिक चषकाची फायनल होती. आमच्या खाणवस्तीचा संघ साठ वर्षांत पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. जिंकलो असतो तर पुढच्या वर्षी देशाच्या चषकात खेळलो असतो. सदतीस वर्षांच्या कप्तानाची, म्हणजे माझी, ती शेवटची मॅच.

आदल्या गुरुवारी मीच रुडिगरला म्हटलं, "आपण पुढे असलो तर शेवटी मला बाहेर काढ. लोक उभं राहून टाळ्या देतील. बाबा बघतील."

"हौस दांडगी तुझी," तो हसला. "बरं, काढतो."

बाबांनी चाळीस वर्षं जमिनीखाली कोळसा फोडला. 'चांगला खेळलास' असं त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. वाढदिवसाआधी कुणी शुभेच्छा दिल्या की अपशकुन होतो, हे आमच्याकडे सगळेच मानतात. बाबा जरा जास्तच. मॅचआधी क्लबच्या अध्यक्षांनी मला निरोपाचा गुच्छ दिला, तेव्हा बाबा कठड्यावरून ओरडले, "नंतर द्या की! मॅच व्हायचीय अजून!"

अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला आम्ही एक गोलनं पुढे होतो. माझ्या नंबराचा फलक वर गेला. तेव्हा तीनच खेळाडू बदलता येत आणि ही तिसरी बदली. मी मुद्दाम सावकाश चाललो. सगळं स्टेडियम उभं राहिलं, बाबा तेवढे बसून होते. गुडघे दुखत असतील, असं मी मनाला समजावलं.

पुढच्याच मिनिटाला समोरच्या संघाला कॉर्नर मिळाला. त्यांच्या उंच स्ट्रायकरला मॅचभर मी चिकटून होतो. आता त्याच्यापाशी कुणीच नव्हतं. त्यानं निवांत डोकं लावलं. बरोबरी.

जादा वेळेत आमच्या बचावातल्या युर्गनचा पाय मुरगळला. बदली उरली नव्हती, म्हणून दहा जण खेळले. मी जाकीट घालून बाकावर. एकशे अठराव्या मिनिटाला युर्गनच्याच रिकाम्या बाजूनं त्यांनी दुसरा गोल घातला.

पार्किंगमध्ये मी बाबांवरच डाफरलो. "निदान उभं तरी राहायचं होतं!"

"दुसऱ्या पाळीचा माणूस जागेवर येऊन उभा राहीपर्यंत," ते म्हणाले, "मी कधी वर आलो नाही. एकदासुद्धा नाही." आणि गाडीत जाऊन बसले. त्या मॅचबद्दल आम्ही पुन्हा कधी बोललो नाही.

मागच्या हिवाळ्यात ते गेले. दफनानंतर कॉफी पिताना शेजारच्या गेर्डामावशींनी आपणहून त्या मॅचचा विषय काढला. त्या दिवशी त्या बाबांच्या शेजारीच बसल्या होत्या.

"मी दंडाला धरून ओढलं रे त्याला. म्हटलं, ऊठ, पोरगा बाहेर येतोय! तर म्हणाला, शेवटची शिट्टी होऊ दे. मग खाली जाऊन मीच सांगतो त्याला."

"काय सांगणार होते?"

"ते मला कशाला सांगेल तो?" मावशी म्हणाल्या आणि केकची बशी माझ्यापुढे सरकवली.