कोब्यावरचा आरसा

“खोलीला घाम येतो का ते बघू,” म्हणत बाबांनी कोब्यावर प्लॅस्टिकचा चौकोनी तुकडा पसरला आणि त्याच्या कडा टेपने चिकटवून टाकल्या. “उद्या खाली थेंब दिसले तर जमिनीत ओल आहे. ओलीवर इपॉक्सीचा चकचकीत थर चढवला की महिन्यात फोड येतात. मग लोक म्हणतात, माल खराब.”

बाबा म्हणजे माझे सासरे. एकतीस वर्षं त्यांनी कारखान्यांच्या, गोदामांच्या, इस्पितळांच्या जमिनी चकचकीत केल्या. सोबतची माणसं त्यांना ‘आरसेवाले’ म्हणायची. काम सोडून दोन वर्षं झाली होती, पण आमच्या मागच्या खोलीचा कोबा भुगा सोडायला लागला, माझी लेक ठकू त्या भुग्याने खोकायला लागली, तेव्हा त्यांनी माळ्यावरून आपलं सामान काढलं. ठकू नऊ महिन्यांची. आज ना उद्या रांगणार. आणि सोमवारपासून मी पुन्हा नोकरीवर जाणार, ती दिवसभर बाबांकडे राहणार, असं घरात ठरलेलं होतं.

ठरवलं होतं नवऱ्याने. मी फक्त हो म्हटलं होतं.

गेल्या महिन्यात बाबांनी ठकूला व्हिटॅमिनचे थेंब पाजले आणि तासाभराने पुन्हा पाजले. डॉक्टर हसले, काही होत नाही म्हणाले. नवराही हसला. “बाबांना काही झालेलं नाही. तुझी झोप होत नाही, म्हणून तुला सगळीकडे भुतं दिसतात.”

झोप होत नव्हती हे खरंच. त्या दिवसांत जागेपण पातळ झालं होतं. दुपारी भांडी घासताना नळाचं पाणी कुठूनतरी लांबून वाहत यावं तसं ऐकू यायचं. मी दर थोड्या वेळाने जाऊन ठकूच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची, परत यायची, आणि आपण आत्ता बघून आलो की मघाशी, ते आठवायचं नाही. अशा बाईने दुसऱ्याच्या विसरण्यावर बोट ठेवायचं म्हणजे जरा अतीच.

प्लॅस्टिकखाली थेंब आले नाहीत. मग घासणं, धूळ ओढणं, भेगा भरणं, प्रायमर. चौथ्या दिवशी दुपारी शेवटचा थर. वास नको म्हणून ठकूला मी पुढच्या खोलीत निजवलं, मधलं दार लावून फटीत ओला टॉवेल दाबला आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. तिथून मागचं अंगण दिसायचं आणि खोलीचं बाहेरचं दार. अंगणात पुठ्ठ्यावर दोन डबे होते. पांढऱ्यात राळ, काळ्यात ती घट्ट करणारा हार्डनर.

“दोन माप सून, एक माप सासू,” पांढऱ्यातून दोन, काळ्यातून एक माप भरता भरता बाबा मला ऐकू येईल असं म्हणाले. “सासू पडल्याशिवाय घट्ट होत नाही. आमच्या पोरांना असं शिकवायचो. कुणी विसरायचं नाही.”

“आणि सासू जास्त पडली तर?”

“तर सगळं कडक होऊन तडकतं. तुझी सासू मापात होती म्हणून तू वाचलीस.”

ड्रिलला लावलेली रवी बादलीत घुर्र फिरली. एकदा कालवलं की हातात जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं. पायात खिळ्यांचे बूट घालून ते आत गेले, लांबच्या भिंतीपासून ओतत, ओढत दाराकडे मागे सरकायला लागले. त्यांच्यासमोर जमिनीचं पाणी होत गेलं. त्या पाण्यात उलटी खिडकी उगवली, खिडकीत उलटं आभाळ. कडेकडेने खिळ्यांवर चालणारा म्हातारा माणूस कुठल्याशा तळ्यावरून येतोय असं वाटत होतं. मला वाटलं, हे संपूच नये.

तिसऱ्या बादलीच्या वेळी त्यांचा फोन वाजला. माझा नवरा होता. “चाललंय, फर्स्ट क्लास,” बाबा म्हणाले, फोन खिशात टाकला आणि क्षणभर दोन्ही डब्यांकडे बघत राहिले. बादलीत दोन मापं पडलेली होती. त्यांनी तिसरं घेतलं. पांढऱ्या डब्यातून. मग रवी फिरवली.

खिडकी उघडीच होती. “बाबा, काळा डबा,” एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

मी बोलले नाही. आधी वाटलं, भास असेल. त्यांचा काही हिशेब असेल, एकतीस वर्षांच्या माणसाला मी काय सांगणार. पण ही सगळी नंतर रचलेली कारणं. खरं सांगायचं तर मी नीट बघितलं होतं, आणि मला पुरावा हवा होता. हसून उडवता येणार नाही असा.

ओलं असताना काहीच कळत नव्हतं. चारही बादल्या एकमेकींत मिसळल्या, सगळीकडे तोच आरसा. संध्याकाळी नवऱ्याने बाहेरूनच बघून शीळ घातली. बाबा खुशीत होते. मला जेवण गेलं नाही.

सकाळी ते मोजे घालून आत शिरले. दारापासून चार पावलांवर मोजा चिकटला. मी दाराशीच होते. ते खाली बसले, अंगठा टेकवला, उचलला. बारीक तार निघाली आणि तुटली. पुन्हा थोडं पुढे अंगठा. पुन्हा तार. अख्खा पट्टा त्यांनी तसा तपासला, डॉक्टरने पोट दाबून बघावं तसा.

“सासू पडलीच नाही,” ते म्हणाले. “हे आता वर्षभर वाट बघितली तरी सुकायचं नाही.”

त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं.

“तू खिडकीत होतीस.”

“हो.”

“दिसलं तुला?”

“हो, बाबा.”

त्यांनी अंगठा चिंधीला पुसला. बराच वेळ पुसत राहिले. रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं.

“सांगितलं असतंस तर मी भांडलो असतो तुझ्याशी. म्हटलं असतं, तू मला शिकवतेस काय,” ते म्हणाले. मग आवाज उतरवून, “ते थेंब पण मी दोनदा पाजले होते ना?”

“हो.”

“मला तेव्हाच वाटलेलं. पण सगळे हसले, मग मीही हसलो.”

ते उठले, गुडघ्यांवर हात देऊन. “त्याला मी सांगतो. तू सांगितलंस तर तुमच्यात जुंपेल. सोमवारपासून ठकूला माझ्या एकट्याच्या गळ्यात घालू नकोस. एखादी बाई बघू. मी आहेच बरोबर.”

“बाबा, मी बोलायला हवं होतं.”

“हवं होतं,” ते म्हणाले. “खरवडायचा पत्रा दे तो.”

दिवसभर त्यांनी तो पट्टा खरवडला, थिनरने पुसला, कडा घासून एकसारख्या केल्या. मदतीला कुणाला येऊ दिलं नाही. दुसऱ्या दिवशी एकच बादली कालवायची होती. तेव्हा मात्र त्यांनी मला खिडकीत उभं केलं. “मोठ्याने म्हण,” म्हणाले. मी म्हणत गेले, पांढरा एक, पांढरा दोन, आता काळा. ते मान हलवून ओतत गेले. जोड कुठे आहे ते आजही सापडत नाही.

रविवारी संध्याकाळी ते अंगणातल्या पायरीवर बसले होते. नवऱ्याशी बोलून झालं होतं. तो आत कपाट उगाच लावत बसला होता. मी ठकूला घेऊन बाहेर आले. तिने त्यांना बघून हात पसरले, अंग पुढे टाकलं. बाबांनी हात गुडघ्यांवरच ठेवले. माझ्याकडे बघितलं.

मी तिला त्यांच्या मांडीवर दिलं. त्यांनी एका हाताने तिची पाठ सावरली, आणि माझ्यासाठी पायरीवर जरा बाजूला सरकले.