कच्च्या टाक्यांचं पोट

भाची कापडाची शिल्पं करायची. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं आत्याला कामाच्या खोलीवर बोलावलं, आणि तिथंच फसली.

खोलीच्या मधोमध छताच्या हुकाला एक भलंमोठं पोट लटकत होतं. जुन्या कोटांची अस्तरं जोडून शिवलेलं, आत चाळीस किलो गोटे. तो सगळा डोलारा एका लाल धावदोऱ्यावर तोललेला. दहा मिनिटांत संग्रहालयाच्या बाई येणार होत्या. त्यांनी पोट घेतलं तर ही खोली आणखी वर्षभर हिची. नाही घेतलं तर सोमवारपासून मामेभावाच्या पडद्यांच्या दुकानात काउंटरवर उभं राहायचं.

आत्यानं चाळीस वर्षं कोट शिवले होते. कच्चा टाका राहिलेला एकही कोट तिनं कधी दुकानाबाहेर जाऊ दिला नव्हता.

"अगं, कच्चे टाके उसवायचे राहिलेत की!"

"आत्या, हात नको ला..."

तोवर हातभर लाल दोरा आत्याच्या बोटाभोवती आला होता. ठप्. पहिला गोटा पडला.

भाचीनं धावत जाऊन पोटाला खालून मिठी मारली. "शिव! आत्ता शिव!"

"ओरडू नकोस, सुईत दोरा जात नाहीये."

"चष्मा कुठाय?"

"डोक्यावर. जरा खाली ओढ, माझे दोन्ही हात गुंतलेत."

"आणि माझे काय मोकळे आहेत?"

जिन्यात टाचा वाजल्या. आत्यानं मानेला असा हिसका दिला की चष्मा नाकावर येऊन आदळला. मग सुई जी सुटली, ती बाई दारात येईपर्यंत थांबली नाही. आत्यानं दोरा दातानं तोडला, हात मागे घेतला. हात येईना. तिनं स्वतःच्या कोटाची बाही पोटाला शिवली होती.

बाई पोटाभोवती दोनदा फिरल्या.

"हा हात?"

"आत्याचा."

"म्हणजे कामाचाच भाग का?"

आत्यानं मदत म्हणून पुतळ्यासारखे डोळे मिटले, श्वास रोखला. तोंड लालबुंद झालं. भाचीनं तिच्याकडे पाहिलं.

"नाही हो. बाही चुकून शिवली गेली."

"गाढवे, हो म्हणायचंस ना!" आत्याचा श्वास सुटला.

बाई हसल्या नाहीत. "मग सोडवा त्यांना."

भाचीनं कात्री टाक्यांना लावली.

"तिथं नको, सगळं सांडेल. बाही काप."

"आत्या, तुझ्या हातचा कोट आहे हा!"

"काप म्हणते ना!"

कात्री खांद्यापाशी कचाकचा चालली. आत्या सुटली, बाही पोटावर लोंबत राहिली. बाईंनी ती दोन बोटांत धरली, बराच वेळ सोडली नाही.

"घेतलं," त्या म्हणाल्या. "पण बाहीसकट."

भाची मटकन खाली बसली, नेमकी गोट्यावर.

"आणि मी अशी रस्त्यानं जाऊ होय?" आत्यानं उघडा दंड दाखवला.

बाईंनी अंगातला कोट काढून दिला. आत्यानं तो घातला खरा, पण आधी उलटा करून आतली शिलाई पाहिली आणि नाक मुरडलं.