पडद्यावरची जुळारीण

मला पहिल्या दिवसापासून त्या पडद्याचा भरवसा नव्हता. इतिहास शिकवायला मी आहे ना, मग हे नाटकवाले मध्येच कुठून टपकले? पण आमच्या मुख्याध्यापकांना नव्याची भारी हौस. म्हणाले, "अहो बाई, मुलं जुन्या काळातल्या माणसाशी बोलतील. एकदम शंभर वर्षं मागे जातील!"

जाणार कुठे, आठवीच्या वर्गातच. फळ्याच्या जागी मोठा पडदा, त्यावर कॅमेरा. पडद्यात एक जुना छापखाना आणि शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत बसलेली पिकल्या केसांची जुळारीण. गोष्ट अशी की छापखान्यावर पोलिसांची धाड पडली, मालक तुरुंगात गेला आणि ही फरार झाली. खबर कोणी फोडली ते मुलांनी तिला प्रश्न विचारून शोधायचं. ती नटी कुठल्याशा दुसऱ्या शहरात बसून मुलांना पाहायची, ऐकायची, उत्तरं द्यायची. नाटक कंपनीचा नियम कडक होता. पडदा चालू असेपर्यंत नटीने स्वतःबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढला की काम गेलं.

"साक्षीदार गोड बोलला की आधी संशय घ्या," हे मी मुलांना कायम घोकवलंय. त्यामुळे त्यांनी तिला प्रश्नांनी अगदी भंडावून सोडलं. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

पण तिसऱ्या तासाला माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. वर्गात एक मुलगी आहे, सगळे तिला मौनी म्हणतात. आईवडील वेगळे झाले तेव्हापासून पोरीच्या तोंडाला कुलूपच लागलंय. त्या दिवशी तिला खोकल्याची उबळ आली. जुळारणीचा हात थबकला.

"उजव्या कुशीवर झोपतेस ना, म्हणून वाढतो," ती म्हणाली. "उशी उंच घे."

वर्ग हसला. मी नाही हसले. शंभर वर्षांपूर्वीच्या बाईला आमची पोर कुठल्या कुशीवर झोपते हे कसं कळलं?

मी तडक मुख्याध्यापकांच्या खोलीत गेले. "यात काहीतरी पाणी मुरतंय. ती बाई माणूस नाहीच, यंत्र आहे. घराघरातली माहिती चोरतं आणि पोरांशी लाडीगोडी करतं. चौकशी लावा!" ते कुरकुरले, पण मी हट्टाला पेटले की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. शुक्रवारी कंपनीचा माणूस येऊन सगळं तपासणार असं ठरलं.

तोवर मी स्वतःच तिची परीक्षा घेतली. मौनीला खिडकीजवळून उठवलं आणि मागे, उंच पोरांच्या आड बसवलं. पडदा लागला. जुळारणीची नजर खिडकीकडे गेली ती तिथेच अडकली. मग एकेका बाकावरून फिरत राहिली. हातातला खिळा खाली पडला, तो तिने उचललाही नाही. छे, यंत्र असं कासावीस होत नाही.

तेवढ्यात मागून आवाज आला. मौनी उभी होती.

"तुम्ही पळालात तेव्हा तुमची मुलगी कुठे होती?"

नाटकात मुलगी नव्हतीच. गोष्ट मला तोंडपाठ होती.

जुळारणीने हातातलं काम बाजूला सारलं. "झोपली होती," ती म्हणाली. "उठवलं असतं तर माझा पाय निघाला नसता."

"मग परत का नाही आलात?"

"आले होते गं. कोणी दार उघडलं नाही."

तास संपल्यावर मी मौनीला थांबवलं. "कोण आहे ती?" माझा आवाज नको तेवढा चढला.

ती बुटांकडे बघत म्हणाली, "सांगितलं तर बंद होईल ना, बाई?" आणि रडायलाच लागली. "घरी तिचं नाव काढलं तरी बाबा चिडतात. फोनसुद्धा करू देत नाहीत. मला एवढंच आहे."

तिच्या वडिलांनी शाळेला बजावून ठेवलं होतं, की आई आली तर फाटकाबाहेरच थांबवा. का, ते आम्हाला कोणालाच ठाऊक नव्हतं. ती बाई खरंच वाईट असली तर? मला तिचा राग आला, मग बापाचा आला आणि शेवटी माझा स्वतःचाच आला. चौकशी मीच तर लावली होती.

शुक्रवारी कंपनीवाल्याने लॅपटॉपवर त्या तासाचं रेकॉर्डिंग लावलं. "उजव्या कुशीवर झोपतेस ना," एवढं ऐकून त्याने ते थांबवलं.

"नटीला हे कसं कळलं? मुलीशी बाहेरची ओळख निघाली तर तिचं काम आजच बंद."

"बाई, तक्रार तुमची आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "बोला."

"मीच सांगितलं होतं तिला," मी म्हणाले. "तासाआधी आवाजाची चाचणी घेताना, बोलण्याच्या ओघात. पोर सारखी खोकत होती. मग मीच विसरले आणि उगाच बोंब मारली."

"पण ती कुठल्या कुशीवर झोपते हे तुम्हाला तरी कसं ठाऊक?"

प्रश्न बिनतोड होता. माझ्या पोरांनीही हाच विचारला असता.

"सहलीला माझ्याच खोलीत होती," मी ठोकून दिलं.

मुख्याध्यापक माझ्याकडे बघत राहिले. आठवीची सहल यंदा निघालीच नव्हती. ती रद्द करणारे तेच होते.

"हां, सहल," ते सावकाश म्हणाले आणि त्यांनी लॅपटॉप मिटला. "पुढचा तास सोमवारी ना?"

सोमवारी मी मौनीला परत खिडकीजवळ बसवलं आणि शेजारीच खुर्ची टाकून बसले. त्या बाईवर माझा अजूनही भरवसा नाही, तिचा शब्द न् शब्द मी ऐकणार आहे. पडदा लागला. जुळारणीने आधी खिडकीकडे पाहिलं.

"घेतलीस का उशी उंच?"

"हो," मौनी म्हणाली, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.