एक हात बाळावर

१९७४ साल, जानेवारीचा दुसरा आठवडा. कडाक्याच्या थंडीत माझा जन्म झाला. मी जस्ती पत्र्याचा टब. पत्र्याची कामं करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं, स्वतःच्या नातीसाठी. ती नुकती बसायला लागली होती.

म्हातारा कामाला पक्का. काठ असा वळवला की बोटाला कुठे लागायचं नाही. तळ घासून आरशासारखा केला. सूनबाईने आतून हात फिरवला.

"मामंजी, घसरतंय हो."

"घसरणारच. काम आहे ते, चेष्टा नाही."

मीही फुगलो होतो. खोटं कशाला बोलू?

तिसऱ्या दिवशी टॉवेल खुंटीवर राहिला. खुंटी दोनच पावलांवर. सूनबाई उठली आणि पोर माझ्या तळावरून सरकून पाण्याखाली गेली. ओरडली नाही. पाण्याखाली कोणी ओरडत नाही. सूनबाईने वळून तिला उचललं. पोर खोकली, मग रडली. ते रडणं ऐकून म्हातारा धावत आला.

त्या दिवशी तो जेवला नाही. मला दुकानात नेलं, पालथं घालून ठोकलं. तळाला आतून बारीक उंचवटे आले. काठाला कथलाचा डाग देऊन टॉवेलसाठी आकडा बसवला. तळापासून चार बोटांवर रेघ मारली. पाणी तिच्या वर नाही.

"सूनबाई, एक हात बाळावर. जग बुडालं तरी."

आरसा गेला. त्या पोरीचं देणं मात्र माझ्या डोक्यावर राहिलं.

मग पन्नास वर्षं गेली. माझ्यात कांदे राहिले, रद्दी राहिली, एकदा मांजर व्यालं. ती पोर आजी झाली. परवा तिच्या नातवाचा प्लास्टिकचा टब तडकला, तेव्हा माळ्यावरून मला काढलं.

तिने कोपर बुडवून पाणी पाहिलं. रेघेपर्यंतच भरलं. नातू साबणाने बुळबुळीत झाला होता. तेवढ्यात बाहेर फोन वाजला. लेक नोकरीच्या मुलाखतीला गेलेली. सकाळपासून त्याच फोनची वाट होती.

"आले गं!" म्हणत ती उठली. हात सुटला.

माझ्या आकड्यात तिची बाही अडकली. झटक्याने ती मागे वळली. नातू कलंडत होता. तिने त्याला दोन्ही हातांनी धरलं, छातीशी घेतलं आणि तिथेच बसून राहिली. फोन वाजून वाजून थांबला.

संध्याकाळी लेक आली.

"आई, फोन का नाही उचललास?"

तिने फाटलेली बाही पुढे केली. "निघाले होते. माझ्या आजोबांनी खाली बसवलं."

नाव म्हाताऱ्याचं झालं. होऊ दे. देणं फिटलं.