माझ्या डोक्यावरची शपथ

आमच्या आईला शपथ घ्यायला नेमकं माझंच डोकं सापडलं. माझा भाऊ दिनानाथ तिच्या शेजारीच उभा होता, माझ्यापेक्षा दोन हात जवळ. त्याला ओलांडून आईचा हात पुढे आला आणि माझ्या डोक्यावर पडला. "या गोदूशी परत एक शबुद जरी बोलले ना, तर हिचं मढं बघीन मी," असं ती पनवेलच्या भर बाजारात म्हणाली. मी तेव्हा अकरा वर्षांची होते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. डोकं माझं, मढं माझं, आणि भांडण दोघी जावांचं.

गोदू म्हणजे माझी काकी, बाबांच्या धाकट्या भावाची बायको. कोळीवाड्यात आमची दोन बिऱ्हाडं एकाच पडवीला लागून होती. बाबा आणि काका एकाच होडीवर जायचे. आई आणि काकी खाडीत चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायच्या आणि बाजारात शेजारी शेजारी बसून विकायच्या. त्या दिवशी आईच्या पाटीपुढे एक गिऱ्हाईक वाकलं होतं, तेवढ्यात काकी हसत हसत म्हणाली, "बघून घ्या हां भाऊ, ती वरची मेलेली हाय." झालं! मेलेली चिंबोरी जिती म्हणून विकते, याहून मोठी शिवी आमच्या धंद्यात नाही. काकी नंतर म्हणत राहिली, मी गंमत केली. आई म्हणत राहिली, माझं नाक कापलं. ती चिंबोरी खरोखरच मेलेली होती, मी बघितली होती. पण तेही मला कुणी विचारलं नाही.

त्यानंतर आठ वर्षं दोघी बोलल्या नाहीत. आई शब्दाची भारी पक्की. एका पडवीत राहून न बोलता चालत नाही, म्हणून मग मी टपालवाली झाले. "मालू, सांग तुज्या काकीला, दोरीवरचं लुगडं काढ, मला बोंबील टांगायचेत." काकी चार हातांवर भाकरी थापत बसलेली असायची. तिला सगळं ऐकू गेलेलं असायचं. तरी मी वळून तेच्या तेच शब्द पुन्हा म्हणेपर्यंत ती लुगड्याला हात लावायची नाही. मग काकीचा निरोप आईला. दिनानाथला हे काम कुणी देत नसे, कारण तो निरोपात पदरचं घालायचा आणि दोघींना पेटवायचा.

आता खरी गोष्ट सांगते, लाज वाटते तरी सांगते. ही शपथ सोडवता येत होती. आमच्यात ज्याच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, त्यानेच गावदेवीपुढे नारळ फोडून "सुटली" म्हणायचं असतं. दुसऱ्या कुणाच्या म्हणण्याने ती सुटत नाही. तिसऱ्या वर्षी काकी स्वतः नारळ घेऊन माझ्याकडे आली होती. "फोड ना गं पोरी. लय झालं आता." मी चौदा वर्षांची होते आणि राग नाकावर होता. मी म्हटलं, "माझ्या डोक्यावर हात ठेवताना मला इचारलं होतं का? मंग आता माझ्या पाया कशाला पडता? नाय फोडत जा." काकी नारळ घेऊन परत गेली.

माझ्या रागाचं कारण मी कुणाला सांगितलं नव्हतं. मला वाटायचं, आईने दोन पोरांतलं स्वस्तातलं निवडलं. मुलगा जवळ उभा असताना त्याच्या केसालाही धक्का लावला नाही, आणि मरायला मुलगी पुढे केली. ही गोष्ट मनात धरून मी मोठी झाले. आईने भाकरी वाढली तरी मला ते आठवायचं, वेणी घातली तरी आठवायचं.

त्या भांडणाचा आणखी एक परिणाम झाला. आईने आकडी सोडली. चिंबोरीच्या बिळात लोखंडी आकडी घालतात आणि तिला ओढून बाहेर काढतात, सगळेच तसं करतात. पण आकडीने कधी पाय तुटतो, कधी पाठ फुटते, आणि अशी चिंबोरी लवकर मरते. आई म्हणाली, माझ्या पाटीत यापुढे एकही मेलेली दिसणार नाही. तेव्हापासून ती बिळात हात घालायची, कोपरापर्यंत. बोटांवर कायम चिरा असायच्या. कुणी म्हटलं, "रंभे, वेडी हायेस का?", की म्हणायची, "माझी बोटं हायेत, तुझं काय जातं?"

सत्तावन्न साली माझं लग्न ठरलं. मुलगा उरणकडचा होता. वैशाखातली अवस, म्हणजे अमावास्या, आली तेव्हा लग्न आठ दिवसांवर होतं. अवसेला चिंबोरी मांसाने भरलेली असते, म्हणून त्या दिवशी कुणी घरी बसत नाही. पण अवसेचं उधाणही तसंच असतं. पहाटे पाणी लांबवर ओसरतं आणि परत येतं तेव्हा धावत येतं. एरवी मी आईबरोबर जायचे. पण लग्न ठरलेल्या मुलीने खाडीत उतरायचं नाही, अशी आमची रीत आहे, म्हणून मी घरीच राहिले. आई एकटी गेली. तिच्या मागून पन्नास पावलांवर काकी गेली, कारण वाट एकच होती.

पुढचं मी पाहिलेलं नाही. काकीने सांगितलं ते हे.

जुन्या मिठागराचा दगडी बांध आहे, तिथे दोघी उतरल्या. आई एका टोकाला, काकी दुसऱ्या टोकाला, दोघींची एकमेकींकडे पाठ. ऊन वर आलं तसं पाणी फिरलं. काकीने पाटी डोक्यावर घेतली आणि बांधावर चढली. आई अजून खालीच बसलेली. उजवा हात खांद्यापर्यंत दगडांच्या फटीत. काकीला वाटलं, हाव सुटली आहे बाईला, अजून एक हवी आहे.

काकीने काही शपथ घेतलेली नव्हती. ती ओरडली, "वयनी, पानी आलं!"

आईने तिच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं.

"वयनी, ऊठ! ऐकतेस का?"

आई तिवरांच्या झाडांकडे बघत बसली.

काकी म्हणते, "मला इतका राग आला मालू! म्हटलं, बस मग, भिज." आणि ती बांधावरून चालू लागली. शंभरेक पावलं चालली असेल. मग काय वाटलं कुणास ठाऊक, मागे वळून बघितलं. आईची पाटी पाण्यावर तरंगत चालली होती. पंधरावीस चिंबोऱ्या बांधून ठेवलेली भरली पाटी आईपासून दोन हातांवरून गेली, आणि आई ती धरायला उठली नाही.

तेव्हा काकीला समजलं, काहीतरी अडलंय. आमची आई मरेल, पण पाटी सोडणार नाही.

झालं होतं असं. बिळात चिंबोरीने डेंग्यात, म्हणजे नांगीत, बोटं पकडली. पकडली की हात ढिला सोडायचा आणि गप्प बसायचं, मग ती आपोआप सोडते, हे आमच्यातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. आईनेही तेच केलं. पण चिंबोरी मोठी होती, सोडेना. पाणी कमरेला लागलं तशी आईने घाई केली, हिसका दिला. वरचा दगड घसरला आणि मनगटावर बसला. चिंबोरीने मग सोडलं, दगड सोडेना.

काकी पाटी टाकून धावत आली. ती पाण्यात उतरली तेव्हा आईच्या गळ्याशी पाणी होतं. "हात अडकलाय का?" काकीने विचारलं. आई गप्प. "अगं बाई, मान तरी हलव!" आई मानसुद्धा हलवेना. मान हलवणं बोलण्यात धरतात की नाही, हे तिला ठरवता येत नव्हतं, असं आईने मला पुढे सांगितलं. म्हणून तिने धोका पत्करला नाही. पाणी हनुवटीला लागलेलं आणि ही बाई हा हिशेब करत होती!

काकीने पाण्याखाली चाचपून दगड शोधला. आपली आकडी फटीत घातली आणि सगळं अंग टाकून दाबली. दगड हलला नाही. पाणी आईच्या ओठांवर आलं. आईने तोंड आभाळाकडे केलं. काकीने एका हाताने तिची मान वर धरली, आकडीचा दांडा दुसऱ्या काखेत घेतला आणि परत दाबला. लाट आली की आईचं नाक बुडायचं, लाट गेली की वर यायचं. काकी सांगते, "मी तिला म्हनत होते, एकदा गोदू म्हन, मला जोर येल. एकदा म्हन! तिने डोळे मिटून घेतले."

तिसऱ्यांदा दगड सरकला. हात बाहेर आला तेव्हा मनगटापासून कातडी सोललेली होती आणि दोन बोटं मोडली होती.

दोघी बांधावर येऊन पडल्या. मग काकीने तोंड सोडलं. मेली असतीस, मसणात गेली असतीस, लग्नघरात सुतक आणलं असतंस, पोरीला काय तोंड दाखवलं असतं मी! आई खाली मान घालून रडत होती. काकीने आपला पदर फाडून तिच्या हाताला बांधला. मग दोघी एकीमागे एक घरी आल्या.

मी दारात तांदूळ निवडत होते. रक्ताने भिजलेलं फडकं बघून माझ्या हातून सूप पडलं. आई पडवीत बसली आणि मला पहिलं वाक्य म्हणाली ते हे: "मालू, सांग तुज्या काकीला, च्या घेऊन जा."

माझा संताप झाला. काकीने सगळं सांगितल्यावर तर डोकंच फिरलं. मी आईवर ओरडले, "हाक मारायला काय झालं होतं? मेली असतीस ना!"

"तुझ्या डोक्यावर हात ठेवला होता," आई म्हणाली.

"तेव्हा नव्हता का इचार करायचा? दिना उभा होता ना तिथं? त्याच्या डोक्यावर ठेवायचा होतास! मीच बरी सापडले मरायला?" आठ वर्षं दाबून ठेवलेलं ते असं बाहेर आलं, काकीसमोर, शेजारणींसमोर.

आई माझ्याकडे बघतच राहिली. मला वाटतं, हे तिच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग ती म्हणाली, "दिन्यावर घेतली असती तर दुसऱ्या दिवशीच मोडली असती गं मी. माझा सवभाव मला ठावं हाय. जिच्यावरची मोडवनार नाय मला, तिच्यावरच हात ठेवला."

मी उठून आत गेले आणि चुलीपाशी तोंड लपवून रडले. आठ वर्षं एक शब्द माझ्या तोंडात होता, आणि तो मी रागाने धरून ठेवला होता. त्या शब्दापायी माझी आई नाकापर्यंत बुडाली होती. यात दगडाचा दोष नाही, चिंबोरीचा नाही. माझा आहे.

हाडवैद्य येऊन बोटं बांधून गेला. तो गेल्यावर मी लग्नासाठी आणून ठेवलेल्या नारळांतला एक उचलला. लग्नाला आलेली दमयंती मावशी म्हणाली, नवरीने उंबऱ्याबाहेर जायचं नसतं. मी म्हटलं, आज जायचं असतं. गावदेवीपुढे नारळ फोडला आणि "सुटली" म्हटलं. एकदा म्हणायचं असतं, मी चारपाच वेळा म्हटलं. घरी येऊन आईच्या हातावर खोबरं ठेवलं. तिने ते खाल्लं, पण संध्याकाळभर ती काकीशी काही बोलली नाही. काकी तीनदा कारण काढून दारावरून गेली. आई नुसती माझ्याकडे बघत होती.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता मला जाग आली. मी डोळे मिटून पडून राहिले. आई पडवीत गेली. बराच वेळ उभी राहिली असावी. मग तिचा आवाज आला, बारीक, घाबरलेला.

"गोदू."

काकी ओ देते न देते तोच आई धावत आत आली. माझ्याशेजारी बसली आणि मोडक्या बोटांचा हात छातीशी धरून डाव्या हाताचं बोट माझ्या नाकाशी धरलं.

"जिती हाय मी," मी म्हटलं. "जा, बोल तिच्याशी."