पुढचे दोन पाय

मी एक जुनी खुर्ची आहे. पण मित्रांनो, मंत्र्यांची खुर्ची समजून लगेच नमस्कार करू नका. मी तिच्या समोरची. समाजकल्याण मंत्र्यांना भेटायला येणारा माणूस जिच्यावर बसतो, ती. गुबगुबीत गादीचे लाड त्या पलीकडच्या खुर्चीचे. माझी बैठक साधी लाकडी, पण सुताराने मला चांगली ताठ घडवली होती आणि त्याचा मला कोण अभिमान!

मग एक मंत्री आले, त्यांना माणसांचा भारी कंटाळा. कल्याण चालेल पण समाज नको, असा त्यांचा खाक्या. त्यांच्या सचिवांनी शक्कल लढवली आणि माझे पुढचे दोन पाय बोटभर कापून घेतले. दिसायला काहीच फरक नाही. पण बसणारा हळूहळू पुढे घसरायचा, सावरायचा, पुन्हा घसरायचा आणि शेवटी ‘बरं, येतो साहेब’ म्हणून उठायचा. बिचाऱ्याला वाटायचं, आपल्यालाच नीट बसता येत नाही. मला अगदी मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

पुढे ते मंत्री गेले आणि त्यांच्या जागी बाई आल्या. त्या आधी शाळेत शिकवायच्या. आलेल्याला स्वतः पाणी द्यायच्या, दारापर्यंत सोडायला जायच्या. लोक इतक्या लवकर का उठतात, हे मात्र त्यांना कळेना. सचिव तेच होते. लोकांना तुमच्या वेळेची कदर आहे, असं त्यांनी सांगितलं आणि बाईंना ते खरंच वाटलं. माझ्या बाई हुशार, पण भोळ्या!

एके दिवशी एक आजी आल्या. ऐकू न येणाऱ्या मुलांची एक निवासी शाळा बंद करून मुलांना दूरच्या मोठ्या शाळेत पाठवायचं ठरत आलं होतं. संध्याकाळी बाईंची सही व्हायची होती. आजींची नात त्याच शाळेत होती. आजी बोलायला लागल्या आणि घसरल्या. टेबलाची कड धरून पुन्हा बोलल्या, पुन्हा घसरल्या. शेवटी पदर सावरत उठल्याच.

“अहो आजी, अजून तुम्ही काही सांगितलंच नाही,” बाई म्हणाल्या.

“सांगायचं खूप आहे हो. पण या खुर्चीत बसवत नाही.”

इतक्या वर्षांत हे कुणी तोंडावर बोललं नव्हतं. बाई उठल्या, आजींना हाताला धरून आपल्या गादीवर बसवलं आणि स्वतः माझ्यावर बसल्या. घसरल्या. त्यांनी नुसतं सचिवांकडे पाहिलं. सचिवांचा चेहरा पार उतरला. मग जमिनीला पाय रोवून बाई तशाच बसून राहिल्या आणि आजी पहिल्यांदा मोकळेपणाने बोलल्या.

“पोरीला आईबाप नाहीत. हातांनी बोलते ती. दर रविवारी मी शाळेत जाते, तेव्हा मला नवे शब्द शिकवते. ती लांब गेली की तिचं बोलणं पुढे जाईल आणि मी मागेच राहीन. मग एका घरात राहून आम्ही दोघी गप्प.”

बाईंनी डोळे पुसले. संध्याकाळची सही झाली नाही आणि शाळा जिथल्या तिथे राहिली.

दुसऱ्याच दिवशी सुताराने माझ्या पुढच्या पायांना लाकडाचे तुकडे जोडले. रंग जुळत नाही, पण मला ते दागिन्यांसारखे वाटतात. तेव्हापासून बाई रोज सकाळी आधी माझ्यावर बसून बघायच्या, मगच पहिल्या माणसाला आत बोलवायच्या. सुट्टीत आजी नातीला घेऊन आल्या. पोरगी माझ्यावर ऐसपैस बसून हातांनी भरभर बोलत होती, आजी अर्थ सांगत होत्या. जाताना तिने बाईंना एक खूण शिकवली. तिचा अर्थ होता, ‘बसा’.

पद सोडायच्या दिवशी खोली रिकामी झाल्यावर बाईंनी माझ्याकडे बघून तीच खूण केली. मी कुठे बसणार? पण मला काय भरून आलं म्हणून सांगू!

आता मी अडगळीत आहे. मित्रांनो, उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यासमोरही कुणीतरी येऊन बसेल. त्याच्या जागेवर आधी आपण बसून बघा. आणि हो, माझ्या एका तुकड्याचा खिळा ढिला झालाय. इकडे आलात तर हातोडी घेऊन या. अजून पुष्कळांचं बोलायचं राहिलंय.